मधुमतीच्या नावाचं पाणी

बनी पार्क, जयपूर
११ जानेवारी २०२५

चि. शमिका हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नागपूरचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल मी रागावलेलो नाही. कॉलेजातली नवी नोकरी, नवं शहर, वेळ मिळत नसेल. इथे सकाळी दाट धुकं असतं आणि स्टेशनवरच्या गाड्यांचे भोंगे एरवीपेक्षा जवळ आल्यासारखे वाटतात.

तू मराठी हळू वाचतेस हे माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. अडलं तर आईकडून वाचून घे.

सोबत संक्रांतीच्या तिळाच्या वड्या पाठवतो आहे. तुझी मधुमती मावशी करायची तशा झालेल्या नाहीत. गुळाचा पाक पुढे गेला, त्यामुळे दाताने तुटत नाहीत. तोंडात धरून ठेवल्या तर विरघळतात. समोरच्या माथुर भाभीजींना दिल्या तर म्हणाल्या, "भाईसाहब, ये तिलपट्टी है कि टाइल?" भाभीजी अजून तशाच आहेत. रोज एक वेळची भाजी त्यांच्याकडूनच येते.

माझी तब्येत बरी आहे. मधुमतीला जाऊन आता पाच महिने होतील. घरात एकट्याचं काम फारसं नसतं. रविवारी मात्र मधुमतीच्या आणि तुझ्या त्या भटक्यांच्या टोळीबरोबर डोंगरावर जातो. तू गेल्यापासून एकही रविवार चुकवला नाही. ती असताना कधी गेलो नाही आणि आता जातो, याचं टोळीतल्या लोकांना कौतुक वाटतं. मी त्यावर नुसता हसतो.

चालायला मी सगळ्यात मागे असतो. म्हणजे तुझी जागा आपोआप माझ्याकडे आली. मागे पडलेले बिस्किटांचे कागद उचलायचे, कोणी वाटेत राहिलं नाही ना ते पाहायचं. तुला टोळीत सगळे 'झाडू' म्हणायचे. मला वयामुळे कोणी म्हणत नाही.

डॉ. देवदत्त आता टोळीचं सगळं बघतो. हाडांचा डॉक्टर असून लोकांना खडकावरून पळवतो. माथुरजी त्याला म्हणतात, "डॉक्टर साहब अपने पेशेंट यहीं से तैयार करते हैं."

डोंगरातल्या जनावरांसाठीच्या प्याऊचं, म्हणजे आपल्याकडच्या पाणपोईचं, काम चांगलं झालं. मधुमतीच्या वाढदिवसाला, बावीस डिसेंबरला, त्यात पहिलं पाणी घातलं. रविवारच होता. खूप माणसं आली होती. प्रत्येकाने खालून एकेक बाटली भरून वर नेली आणि ओळीने येऊन पाण्याची धार सोडली. छोटी खो, म्हणजे ती अरुंद घळ, जिथे वळते, तिथल्या सपाट दगडाजवळ प्याऊ बांधला आहे. सिमेंटचा, उथळ, म्हणजे तितरालाही चोच लावता येईल असा. बाजूला संगमरवराची पाटी आहे आणि तिच्यावर तिचं नाव. आता खालच्या मंदिराच्या बोअरवेलमधून पाइप वर नेला आहे. त्याच्या नळाची किल्ली माझ्याकडे असते. दर बुधवारी मी एकटा जाऊन भरून येतो.

रोही येतात पाण्यावर. इकडे नीलगाय म्हणतात, पण मी अमरावतीचा, माझ्या तोंडात रोहीच येतं. मोर येतात. देवदत्तने काढलेले फोटो पुष्कळ लोकांनी पाहिले.

त्या दिवशी आमच्या बैठकीत जे बोलणं झालं ते फार मनात ठेवू नकोस. सगळेच दुःखात होतो.

तुझी काठी इथेच राहिली आहे. दाराच्या मागे नीट उभी करून ठेवली आहे. जयपूरला आलीस की घेऊन जा.

एक विचारायचं होतं. प्याऊच्या खाली पाणी सांडून माती ओली राहते, तिथे ठसे उमटतात. देवदत्त म्हणतो, कोल्ह्याचे आहेत. मला त्यातलं कळत नाही. वरच्या कपारीत तरस राहतं असं तू आणि मधुमती बोलायचात. ती कपार प्याऊपासून किती लांब असेल? सहज विचारतो.

थंडीत कानाला बांधत जा.

तुझा
काका


बनी पार्क, जयपूर
२ एप्रिल २०२५

चि. शमिका हिस,
आशीर्वाद.

वड्या पोचल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. पत्र वाचलंस की नाही ते मी त्यांना विचारलं नाही.

रविवारी पाडवा झाला. गुढी उभारली. मधुमतीची हिरवी साडी काढली होती, मग ती परत ठेवली आणि बाजारातून नवा खण आणला. त्या दिवशी टोळीबरोबर गेलो नाही. पाय दुखतो असं कळवलं. पाय दुखत नव्हता.

टोळी आता मोठी झाली आहे. प्याऊवर पाणी पिणाऱ्या रोहीचा एक व्हिडिओ देवदत्तने टाकला होता. तो पाहून सांगानेरहून, जगतपुऱ्याहून लोक येतात. मागच्या महिन्यात एका कुटुंबाने मुलाचा वाढदिवस तिथे केला. केक नव्हता, तेवढं देवदत्तने पाळलं. पण फुगे होते. मी मागून फुग्यांचे तुकडे वेचत आलो.

अजून तीन प्याऊ बांधायचं ठरतं आहे. एक मोठ्या खोमध्ये, दोन मागच्या उतारावर. मधुमतीच्या वर्षश्राद्धापर्यंत तिन्ही व्हावेत असं देवदत्तच्या मनात आहे. माथुरजींनी एकाचा खर्च उचलला आहे, त्यांच्या वडिलांच्या नावाने. सगळे मला विचारून करतात. "काका, चालेल ना?" मी मान हलवतो.

मागच्या पत्रात एक गोष्ट खरी लिहिली नव्हती. ते ठसे कोल्ह्याचे नव्हते, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. कुत्री मी डोळ्यांनी पाहिली होती. जानेवारीच्या पहिल्याच बुधवारी मी वर पोचलो तेव्हा खालच्या वस्तीतली पाच-सहा कुत्री प्याऊभोवती आरामात पसरली होती. एक तर पाण्यात बसलं होतं. पाटीच्या सावलीत एक पिवळी कुत्री झोपली होती. मी ओरडलो तर तिने फक्त एक डोळा उघडला. पाइप मंदिरापासून वर जातो, त्याच्या कडेने आता चक्क पायवाट पडली आहे. आपल्या टोळीच्या पायांनी पडली आणि कुत्री त्याच वाटेने येतात. आधी ती नाल्याच्या वर जात नव्हती. जायचं कारणच नव्हतं.

मी त्यांना हाकलायला तुझी काठी नेऊ लागलो. तुला न विचारता वापरली. माफ कर. खालचं लोखंडी टोक थोडं झिजलं आहे.

बुधवारचा मी फक्त नळ सोडायला जातो असं सगळ्यांना वाटतं. मी तिथे बसून राहतो. मधुमतीची दुर्बीण नेतो. तू त्या कपारीबद्दल उत्तर दिलं नाहीस, पण मला ती सापडली. फेब्रुवारीत एकदा ऊन उतरताना कपारीच्या तोंडाशी दोन पिल्लं दिसली. आधी वाटलं, दगडच हलले. मग एकाने दुसऱ्याच्या कानाला धरलं. मोठे कान, अंगावर काळे पट्टे, आणि पाठीवरचे केस उभे, जणू झोपेतून उठून विंचरायचं राहिलं आहे. मी हसलो. किती दिवसांनी मोठ्याने हसलो, आणि ते सांगायला तिथे कोणी नव्हतं. तुला सांगावंसं वाटलं. फोन काढला आणि परत खिशात ठेवला.

त्यानंतर दोन-तीनदा दिसली. आई एकदाच दिसली, तीही जाताना, पाठमोरी.

मागच्या बुधवारी एक पिल्लू प्याऊच्या खाली मेलेलं होतं. कुत्र्यांनी मारलेलं. त्याहून जास्त लिहीत नाही. बहुतेक पाण्याच्या वासाने उतरून आलं असावं. कपारीत कोणीच नव्हतं. आई नाही, दुसरं पिल्लू नाही. उन्हं उतरेपर्यंत बसलो, कोणी आलं नाही. त्या पिल्लाला मी थोराच्या काटेरी झुडपाजवळ दगडाखाली ठेवलं. वास येऊ नये म्हणून बरेच दगड रचले. मग नळ सोडला, प्याऊ भरला आणि घरी आलो. भरायला नको होता, पण हात सवयीने चालले.

हे मी टोळीत कोणाला सांगितलं नाही. रविवारी पाय दुखतो म्हणालो ते म्हणूनच.

तू बरोबर होतीस, शमिका. डोंगरात पाणी ठेवायला नको होतं. हे लिहायला मला इतके दिवस लागले.

काका


बनी पार्क, जयपूर
२० मे २०२५

चि. शमिका,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी आहेत, पण ते माझ्या शर्टाच्या खिशात महिनाभर आहे. "काका, मी बरोबर होती का ते नव्हतं विचारलं. मावशी बोलल्या होत्या की नाही, एवढंच विचारलं होतं."

मी तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. प्रत्येक फाइलवर शेवटी हाच एक प्रश्न उरतो. माणसाला माहीत होतं का? माहीत नसताना झालेली चूक आम्ही सोडून द्यायचो. माहीत असून लपवलेली सोडायचो नाही. त्या कारणाने मी विधवांचेही दावे नाकारले आहेत आणि घरी येऊन जेवलो आहे. तेव्हा तू काय विचारलंस ते मला पहिल्या वाचनात कळलं. उत्तर लिहायला वेळ लागला तो न कळल्यामुळे नाही.

मधुमती बोलली होती. मला बोलली होती.

गेल्या वर्षी जूनमध्ये. किमोचा तिसरा फेरा झाला होता. ती दिवाणावर पडली होती आणि माथुर भाभीजी भेटायला आल्या होत्या. त्यांनी सासूबाईंच्या नावाने चौकात प्याऊ लावला, त्याचं सांगत होत्या. इकडे ते पुण्याचं मानतात. त्या गेल्यावर मी संत्रं सोलत बसलो होतो. मधुमती म्हणाली, "अहो, माझ्या मागे माझ्या नावाने प्याऊ लावाल ना, तर स्टेशनच्या रस्त्यावर लावा. हमालांना उपयोगी पडेल. डोंगरात नका लावू हं."

मी म्हणालो, "काहीतरीच काय बोलतेस."

"काहीतरीच नाही. ही टोळी फार प्रेमळ आहे. मी गेले की पहिलं तेच सुचेल त्यांना. डोंगरातल्या जनावरांना पाणी कुठे आहे ते ठाऊक असतं. आपण नेऊन ठेवलं की कुत्री येतात, कुत्र्यांमागे माणसं येतात. छोट्या खोमध्ये तर मुळीच नको. का नको ते शमिकाला माहीत आहे. तुम्ही लक्षात ठेवा फक्त."

"बरं," मी म्हणालो आणि तिला एक फोड दिली. ती तिने हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

इतकं स्पष्ट बोलली होती. तारखेसकट विचारलंस तर तारीखही सांगता येईल.

आता ऑक्टोबरमधली ती बैठक. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण ते मी लिहायला हवं. देवदत्तने प्याऊची कल्पना मांडली, सगळ्यांचे डोळे भरून आले. तू स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. म्हणालीस, "नको ना. मावशीला डोंगरात पाणी नको होतं."

देवदत्त म्हणाला, "कधी म्हणाल्या?"

"मतलब... खूपदा. छोट्या खोचं तर पक्कं नाही म्हणाल्या होत्या."

"आम्हाला नाही कधी म्हणाल्या."

मग तू माझ्याकडे पाहिलंस. "काका, तुम्हाला बोलल्या होत्या ना?"

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "नाही. मला असं काही बोलली नाही." तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "शेवटचं वर्षभर मीच होतो तिच्याजवळ." म्हणजे तू नव्हतीस. तू दर दुसऱ्या दिवशी झोटवाड्याहून बस बदलत यायचीस, तिच्या पायांना तेल लावायचीस, हे माहीत असून मी ते म्हणालो.

तू ट्रे खाली ठेवलास. एक कप कलंडला, तो पुसलास आणि गेलीस. काठी राहिली. जिना उतरताना तुझी पावलं ऐकू येत होती तेव्हा देवदत्त म्हणाला, "हिला काकूंची वारसदार व्हायचंय." कोणीतरी हसलं. ते तुला ऐकू गेलं असेल. मी चहा पीत होतो. पुढे तुला टोळीच्या ग्रुपमधून काढलं, तेव्हाही मी काही बोललो नाही. तू खोटं बोललीस असं सगळ्यांनी धरलं, कारण मी, नवरा, नाही म्हणालो होतो.

का बोललो ते सांगायचा प्रयत्न करतो. सबब म्हणून वाचू नकोस.

मधुमती पंधरा वर्षं दर रविवारी डोंगरावर गेली. मी एकदाही गेलो नाही. मी घरी पोहे करायचो, पेपर वाचायचो. ती आली की तिच्या सलवारीला चिकटलेली कुसळं बाल्कनीत बसून काढायचो. तेवढाच माझा डोंगर. मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. पण ती गेली आणि लोक भेटायला येऊ लागले, तेव्हा प्रत्येक जण तिच्याबद्दल असं काही सांगायचा जे मला माहीत नव्हतं. ती खडकावर झोपून आकाश बघायची. घुबडाचा आवाज काढायची. मी ऐकून घ्यायचो आणि मान हलवायचो, जणू मला ठाऊक होतं.

त्या दिवशी तू बोललीस तेव्हा मला राग आला. तू चूक होतीस म्हणून नाही आला. माझ्या घरात, माझ्या बायकोला काय नको होतं ते दुसरं कोणी सांगत होतं आणि बरोबर सांगत होतं. त्याचा आला. आणि मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. ती होती तेव्हा काही केलं नाही. नेमकी ती नको म्हणालेली एकच गोष्ट माझ्या हाताशी आली, ती मी केली.

एप्रिलच्या पत्रातही 'तू बरोबर होतीस' एवढंच लिहिलं. ते लिहायला सोपं होतं. त्यात तुझं शहाणपण दिसतं, माझं खोटं दिसत नाही. तू ते पकडलंस.

परवा रविवारी मी टोळीला सांगितलं. प्याऊजवळच. नवे लोक बाटल्या ओतत होते आणि देवदत्त पुढच्या तीन प्याऊंबद्दल सांगत होता. मी म्हणालो, मला बोलायचं आहे. त्याला काय वाटलं, त्याने टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं. "सब लोग इधर आइए, काका मधुकाकूंची आठवण सांगतायत!"

माझं हिंदी तुला माहीत आहे. तीस वर्षं इथे राहून भाजीवालाही मला उत्तर मराठीत द्यायचा प्रयत्न करतो. मी म्हणालो, "मेरी पत्नी ने यहाँ पानी रखने को मना किया था। मुझसे कहा था। शमिका सच बोल रही थी। मैंने झूठ बोला।"

माथुरजींनी माझा दंड धरला. "भाईसाहब, दुख में आदमी को याद नहीं रहता."

"याद था," मी म्हणालो. "उस दिन भी याद था."

"काका, तुम्ही थकलात. खाली जाऊन बोलू," देवदत्त म्हणाला.

मी त्याला थोराजवळ नेलं आणि ते दगड दाखवले. खाली काय आहे ते सांगितलं. तो डॉक्टर आहे, पण त्याने तोंड फिरवलं. मग मात्र तो चिडला. इतके दिवस सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलत होते. तो चिडला ते मला बरं वाटलं.

"अहो, त्या पोरीला आम्ही काय काय बोललो! मी म्हणालो, हिला वारसदार व्हायचंय. तुमच्यासमोर म्हणालो!"

"म्हणालास. मी ऐकलं."

"तुम्ही चहा पीत होतात, काका!"

"हो."

त्याची बायको अपूर्वा मध्ये पडली. "देव, हळू. सगळे ऐकतायत." तो म्हणाला, "ऐकू देत. तेव्हाही सगळे ऐकतच होते."

तो तिथल्या तिथे दगड उचलून प्याऊ फोडायला निघाला. माथुरजी आडवे उभे राहिले. "मई के महीने में पानी बंद करोगे? पाप लगेगा, डॉक्टर साहब!" दोघांची चांगलीच जुंपली. एक म्हणे, कुत्री आणखी पिल्लं मारतील. दुसरा म्हणे, जी जनावरं या पाण्याला लागली ती आता उन्हात कुठे जातील? शमिका, मला दोघांचंही खरं वाटलं. मी त्या डोंगराला सवय लावली आहे. आता पाणी ठेवलं तरी वाईट आणि काढलं तरी वाईट. खोटं बोललो तेव्हा हे मला दिसलं नव्हतं. मला वाटलं होतं, फार तर एका पोरीचा राग येईल आणि जाईल.

शेवटी अपूर्वा म्हणाली, "शमिकाला विचारा ना. तिलाच कळेल." देवदत्त म्हणाला, "मी कोणत्या तोंडाने विचारू?" मी म्हणालो, मी विचारतो.

तीन नवे प्याऊ रद्द झाले. माथुरजी नाराज आहेत, पण वडिलांच्या नावाचा प्याऊ स्टेशनच्या रस्त्यावर लावायला तयार झाले. मी त्यांना मधुमती काय म्हणाली होती ते सांगितलं तेव्हा म्हणाले, "ये बात पहले बता देते." एवढंच म्हणाले. भाजी अजून येते.

टोळीला सध्या छोट्या खोमध्ये जायची बंदी आहे. देवदत्तने जुने व्हिडिओ काढून टाकले. मी फक्त दिवस उजाडताना जातो, प्याऊ अर्धाच भरतो आणि कुत्री दिसेनाशी होईपर्यंत बसतो. हे बरोबर आहे की नाही ते मला माहीत नाही. दुसऱ्या पिल्लाचं काय झालं तेही माहीत नाही. माहीत असल्यासारखं लिहिणार नाही.

मधुमतीच्या नावाची पाटी मी रविवारीच काढून आणली. देवदत्त छिन्नी मारत होता, मी खाली हात धरून होतो. एक कोपरा तुटला. तिच्या नावावर माझं आणखी एक खोटं तिथे राहायला नको. आता ती दाराच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तुझी काठी होती त्या जागी.

काठी या पत्राबरोबर वेगळी पाठवली आहे. टोक नवं बसवून घेतलं. ती घ्यायला म्हणून तू एकदा येशील, असं धरून मी ती सात महिने ठेवून घेतली होती. तेही सरळ नव्हतं. आता तुला इथे यायला माझ्याकडून काही कारण उरलेलं नाही. यायचं नसेल तर येऊ नकोस. मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि मी तुला एकदा सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लावलेलं पुरे आहे.

एकच विचारतो, तेही डोंगरासाठी. हे पाणी कसं बंद करायचं? किती दिवसांत, कसं कमी करत न्यायचं, कुत्र्यांची वाट कुठे तोडायची? तू लिहिशील तसं टोळी करेल, असं सगळ्यांनी कबूल केलं आहे. देवदत्तला लिहिलंस तरी चालेल. मला लिहायला हवं असं नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की अडलं तर आईकडून वाचून घे. हे पत्र लिहिताना आधी वाटलं, आईला दाखवू नकोस असं लिहावं. तसं लिहीत नाही. आईला दाखव, बाबांना दाखव. तुझ्याबद्दल कोणी कधी काही विचारलं, तर त्यालाही दाखव. म्हणून खाली काका न लिहिता पूर्ण नाव लिहितो आहे, सही करायचो तसं.

माझी पत्नी मधुमती हिने डोंगरात पाणी ठेवू नका असं मला स्वतः सांगितलं होतं. शमिका खरं बोलली. मी खोटं बोललो.

नीलकंठ वामन देवपुजारी